पाच चकत्या आणि चौथं शील

पांढुर्णा,
८ डिसेंबर

चि. रूपालीस,

उत्तममामाचा सप्रेम जय भीम आणि डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद (डोकं चेन्नईला आणि हात पांढुर्ण्याला, मधलं अंतर पोस्टखात्याने सांभाळावं). इकडे मी खुशाल आहे. पाय थोडा कुरकुरतो, पण ते जाऊ दे. तुझी तब्येत कशी आहे? मेसमध्ये अजून दोन्ही वेळा तेच आंबट वरण असतं का? केस गळायचे थांबले का? आणि तुझ्या हाडाच्या पेशी कशा आहेत? त्यांना दर दोन दिवसांनी ताजं खाणं द्यावं लागतं म्हणून तू दिवाळीच्या सुट्टीतही आली नाहीस, तेव्हा त्या आता घरच्याच झाल्या. त्यांनाही माझा आशीर्वाद सांग. त्यांचं मी फार नुकसान केलं आहे.

माझ्या हातचं पत्र बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो, कोणी गेलेलं नाही. रोज संध्याकाळी पावणेसातला आपलं फोनवर बोलणं होतंच. तरी हे कागदावर लिहितोय, कारण मला फोनवर खोटं बोलता येतं असं या वयात कळलं आहे. चौतीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो. तिथे मशीनच्या आवाजात ओरडून बोलावं लागायचं, आणि ओरडून खोटं बोलणं फार अवघड असतं. फोनवर हळू बोलता येतं, तिथे माणूस घसरतो. तर मुद्दा असा की पोळ्याच्या वेळी मी तुझ्याशी एक खोटं बोललो, त्या खोट्यामुळे तुझी तीन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली, आणि वीस तारखेच्या आत ते तुला सांगितलं नाही तर तुझं सगळंच जाईल. (एवढं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. आता लिहून झालंय, तर जरा चहा ठेवून येतो.)

चहा झाला. कागद आपल्या जुन्या जिनिंगच्या पॅडचा आहे. वरचं नाव कात्रीने कापून टाकलं, कारण माझ्या चुकीत त्यांचा काही हात नाही. शेजारचा कवडू दोनदा डोकावून गेला. (कवडू तुला आठवत असेल. तुझ्या सायकलची चेन बसवून द्यायचा आणि मग 'पाहू बरं चालते का' म्हणून तीच सायकल घेऊन दोन तास गायब व्हायचा.) एवढं काय लिहून राहिले, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, अर्ज. कोणाले? मी म्हटलं, भाचीले. जाताना तो दार हळूच लावून गेला, म्हणजे त्याला काहीतरी कळलं असावं.

खोटं पोटात ठेवलं की काय होतं ते मला विहारात समजलं. दर रविवारी वंदनेला जातो. पंचशील म्हणताना पहिली तीन शीलं मी खणखणीत म्हणतो. पाचवं दारूचं, ते तर सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणतो, कारण त्या बाबतीत आपली पाटी कोरी. पण मधलं चौथं आलं, 'मुसावादा वेरमणी', खोटं बोलण्यापासून दूर राहीन, की मला खोकला येतो. पहिल्या रविवारी तो खरा आला होता असं मला अजूनही वाटतं. पुढच्या रविवारी मात्र मीच आणला. कवडू शेजारी बसतो. पाचव्या रविवारी त्याने खिशातून खोकल्याची गोळी काढून तिसऱ्या शीलालाच माझ्या हातावर ठेवली. परवा सहा डिसेंबरला विहार गच्च भरला होता. तिसरं शील संपलं आणि पुढच्या रांगेतली दोन पोरं आधीच मागे वळून बसली, आता आजोबा खोकणार म्हणून. मी खोकलो. पोरं खूश झाली. वंदना संपल्यावर मला जमिनीवरून उठता येईना, दोघांनी काखेत हात घालून उभं केलं, पण ते जाऊ दे. तेव्हाच ठरवलं की आता लिहायचं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तू आलीस आणि या घरात दोन वर्षांनी दोन ताटं मांडली गेली. तुझी मामी गेल्यापासून मी एकाच ताटात जेवतो आणि तेच विसळून पुन्हा घेतो. दुसरं ताट शोधायला डबे हलवावे लागले. जेवताना तू तुझं काम समजावून सांगितलंस. टायटॅनियमचा तुकडा नुसता गुळगुळीत असला तर हाडाच्या पेशी त्याच्यावर येतात, पण धड बसत नाहीत. त्याच तुकड्यावर विजेने बारीक बारीक भोकं पाडली, इतकी बारीक की केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातला एक, तर पेशी त्या भोकांच्या कडांना धरून पाय रोवतात, पसरतात आणि हाड तयार करायला लागतात. (मी केस बघायला डोक्यावर हात नेला आणि तू हसलीस. असेना का टक्कल, तुला हसवायला कामी आलं.) मी विचारलं, पेशीला काय समजतं तिथे भोक आहे की नाही? तू म्हणालीस, "मामा, तुमच्या रोलरले कसं समजते कापूस आला म्हणून? तसंच हाये थे." इतकं माझ्या कामाचं कोणी कधी मला सांगितलं नव्हतं.

कारण तेच तर मी जन्मभर केलं. जिनिंगच्या रोलरवर चामड्याच्या चकत्या ओवलेल्या असतात आणि त्यांच्यावर तिरप्या खाचा पाडाव्या लागतात. खाचा असल्या की चामडं कापूस पकडून ओढतं आणि सरकी बाजूला पडते. चामडं झिजून गुळगुळीत झालं की कापूस येतो, आपटतो आणि घसरून खाली जातो. मशीन फिरत असतं, आवाज तेवढाच असतो, आणि हाती काही येत नाही. रिटायर झाल्यावर, आणि तुझी मामी शांता गेल्यावर तर फारच, माझे दिवस तसे जातात. सकाळ येते, घसरून जाते. हे मी तुला तेव्हा बोललो नाही. बोललो एवढंच की म्हणजे आपण दोघं एकाच लायनीत आहोत, फक्त तुझी खाच दिसत नाही आणि माझी दिसायची. दुसऱ्या दिवशी हे मी चार लोकांना सांगितलं. चौघांनीही 'वा' म्हटलं आणि संत्र्याचा विषय काढला.

पोळ्याच्या सकाळी तू सौसरला पुष्पाकडे गेलीस. (आईकडे जायलाच पाहिजे, माझी काही तक्रार नाही. सहावीपासून बारावीपर्यंत सात वर्षं आमच्या घरी शिकलीस म्हणून काही तू आमची होत नाहीस, हे तुझी मामी मला दर उन्हाळ्यात समजावून सांगायची आणि मग स्वतःच मागच्या दारी जाऊन रडायची.) जाताना तू एक डबा कपाटावर ठेवलास आणि म्हणालीस, "मामा, नऊ चकत्या हायेत. तीन महिन्याची मेहनत हाये. हात नोका लावू." तिथून परतून तो डबा तुला नागपूरच्या प्रयोगशाळेत न्यायचा होता, त्या चकत्यांवर पेशी वाढवून बघायच्या होत्या. मी म्हटलं, बरं. त्या क्षणी माझ्या मनात काही पाप नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोटमार, नदीच्या एका काठावरून पांढुर्णा आणि दुसऱ्यावरून सावरगाव एकमेकांना दगड मारणार. रस्ते बंद, बसा बंद, तू सौसरलाच अडकलीस. कवडू दरवर्षीप्रमाणे 'नुसतं पाहून येतो' म्हणून नदीवर गेला आणि दरवर्षीप्रमाणे कपाळाला पट्टी बांधून आला. (त्याचं म्हणणं असं की मारणारा सारखा हलत असतो, लागतं ते पाहणाऱ्याला.) गल्लीत माणूस नव्हता. सावरगावच्या बाजूने आरडाओरडा ऐकू यायचा, मध्येच शांत व्हायचा. तुझं ताट धुऊन पालथं घातलेलं होतं. तू एकच रात्र राहून गेलीस, पण घर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटत होतं. दुपारी दोनपर्यंत मी कपाटाकडे बघितलंसुद्धा नाही, याची नोंद घ्यावी.

उघडला तो फक्त बघायला. ज्या पोरीला मी सायकल शिकवली ती तीन वर्षं परमुलखात कशासाठी डोळे फोडून घेते आहे ते बघावं, एवढंच. चिकटपट्टी नखाने अलगद काढली. आत शर्टाच्या गुंडीएवढ्या नऊ चकत्या होत्या, आणि रूपाली, सगळ्या निळ्या-जांभळ्या पडलेल्या!

आता इथे माझी बाजू ऐक. धातू निळा पडला की फिटरच्या जगात त्याचा एकच अर्थ असतो, जळाला. एकोणीस वर्षांचा असताना मी घाईघाईत ड्रिलचा बिट निळा केला होता, तर उस्तादांनी तो दोरीत ओवून आठ दिवस माझ्या गळ्यात घालायला लावला. जेवतानाही काढायचा नाही. तेव्हापासून निळा धातू दिसला की माझा हात आपोआप गळ्याशी जातो. मला वाटलं, पोरीने चकत्या जाळल्या. विजेचा ताव जास्त झाला असणार. तिला कळलंच नसेल, किंवा कळलं असेल आणि मामाला सांगायची लाज वाटली असेल, म्हणून तर म्हणाली हात नोका लावू. आता नागपूरला चारचौघांत ती डबा उघडणार, आणि तिच्या गळ्यात कोण काय अडकवेल कोणास ठाऊक. ती निळाई म्हणजेच तुझ्या बारीक भोकांचा थर, त्या थरामुळेच तो रंग दिसतो, हे तू मला ऑक्टोबरमध्ये फोनवर सांगितलंस. पोळ्याला सांगितलं असतंस तर... पण नाही. दोष तुझ्यावर ढकलायचा नाही असं ठरवून बसलो आहे.

आधी जुन्या बनियनने पुसून पाहिलं. रंग ढिम्म हलेना. भांड्यांची पावडर लावली, तरी नाही. तेव्हा पेटीतून झिरो नंबरचा पॉलिश पेपर काढला. सपाट घासायचं तर खाली काच लागते, आणि घरात सपाट काच एकच, शांताबाईच्या फोटोची. फोटो भिंतीवरून उतरवला, टेबलावर आडवा ठेवला, तिला म्हटलं, पोरीचं काम आहे, जरा सहन कर. मग काचेवर पेपर पसरून एकेक चकती घासायला बसलो. ती खालून बघत होती. जिवंत असती तर म्हणाली असती, "अवो, पोरीनं हात नोका लावू म्हटलं ना तुमाले? मंग?" तिचं ते 'मंग?' मला पस्तीस वर्षांत कधी परतवता आलं नाही. फोटो 'मंग?' म्हणत नाही, म्हणून माणूस एकटा राहिला की चुका करतो.

एका चकतीला मोजून साठ फेरे. पाच चकत्या पांढऱ्याशुभ्र झाल्या आणि पेपर संपला. गोटमारीमुळे हार्डवेअरची दुकानं बंद. पांढुर्णा जिल्हा झाला तरी गोटमारीच्या दिवशी शटर वर करायची हिंमत अजून कोणात आलेली नाही. त्यामुळे उरलेल्या चार वाचल्या. लोक गोटमारीला इतकी नावं ठेवतात, पण तुझ्या चार चकत्या तिनेच वाचवल्या, हेही कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे. मी निळ्या चार खाली ठेवल्या, चकचकीत पाच वर ठेवल्या आणि चिकटपट्टी जशीच्या तशी बसवली (त्यात माझा हात धरणारा कोणी नाही). तिसऱ्या दिवशी तू घाईत आलीस, डबा पिशवीत टाकलास, स्टेशनवर पाया पडलीस आणि गाडीत बसलीस. मी मनात म्हणत होतो, उद्या उघडशील तेव्हा कळेल मामा काय चीज आहे.

कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "मामा, डब्बा कोणी उघडला होता का? पाच चकत्यांवरचा थरच गेला." तुझा आवाज असा होता की माझ्या तोंडून 'नाही' निघून गेलं. तिथेच थांबलो असतो तरी परवडलं असतं. पण फिटरला बिघाड सांगितला की तो कारण सांगितल्याशिवाय राहत नाही. मी म्हणालो, पावसाळी हवा आहे, ओल लागून थर सुटला असेल. आणि तू ते खरं धरलंस! चेन्नईला जाऊन नव्या चकत्या केल्यास, त्या तीन आठवडे ओलसर पेटीत ठेवून तपासत बसलीस. एकही सुटली नाही. मग मिठाची ओल देऊन पाहिलीस. तरी नाही. मामाने वेळ मारून नेण्यासाठी तोंडाला येईल ते सांगितलं आणि भाचीने त्याचा प्रयोग मांडला. वर मीच फोनवर विचारायचो, आज ओल किती ठेवली? हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे.

आता त्याहून वाईट सांगतो. पोळ्याआधी तुझा फोन पंधरा दिवसांतून एकदा यायचा, तोही बसथांब्यावरून, बस येईपर्यंत. चकत्या बिघडल्यापासून तो रोज यायला लागला. पावणेसात म्हणजे पावणेसात. वीस-वीस मिनिटं. तू रडकुंडीला येऊन सांगायचीस, मी धीर द्यायचो, आणि फोन ठेवला की मला भूक लागायची. मी साडेसहाला दाढी करायला लागलो (फोनमध्ये चेहरा दिसत नाही हे मला माहीत आहे). कवडूला सांगून ठेवलं की त्या वेळात यायचं नाही. दिवसभर मी तुला सांगायला काही ना काही जमवत असायचो, कोणाची गाय व्यायली, कोणाची संत्री गळाली. मला बरं वाटत होतं, रूपाली. तुझं बिघडलं होतं आणि माझं बरं चाललं होतं. खरं सांगितलं तर तुझं काम सुरळीत होईल, आणि काम सुरळीत झालं की फोन पुन्हा बसथांब्यावरून येईल, हा हिशोब मी केला. मुद्दाम केला. तीन महिने रोज केला.

मागच्या गुरुवारी तू रडलीस. सर म्हणतात, कपाटावर ठेवल्या ठेवल्या जो थर सुटतो तो माणसाच्या शरीरात कोण घालणार? वीस तारखेला कमिटी बसणार आहे आणि हा विषय बंद करायचा त्यांचा विचार आहे. तू म्हणालीस, "मामा, माहा हातच खराब हाये. मी सोडून येऊन राहिली घरी." तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं असेल? आतली खोली झाडून ठेवावी, असं आलं. झाडलीसुद्धा. तुझी जुनी खाट ओढून उन्हात टाकली, दुसरं ताट घासून पुढे ठेवलं. मग दम लागला म्हणून बसलो आणि समोर शांताबाईचा फोटो. काचेवर, बरोबर तिच्या चष्म्यावरून, पॉलिश पेपरचा एक ओरखडा गेला आहे. मी म्हटलं, पोरगी येते आहे. आणि तुला शपथेवर सांगतो, मला तिचं 'मंग?' ऐकू आलं.

तेव्हा आता पुढचं तुझ्या सरांना जसंच्या तसं वाचून दाखव, त्यांच्या भाषेत करून. मी, उत्तम गणवीर, निवृत्त फिटर, असं लिहून देतो की नऊपैकी पाच चकत्या मी स्वतःच्या हाताने झिरो नंबरच्या पेपरवर, प्रत्येकी साठ फेरे, डावीकडून उजवीकडे घासल्या. थर सुटला नाही. थर मी काढला. आणि तो सहजासहजी निघाला नाही. पहिल्या वीस फेऱ्यांत तर नुसता रंग फिका झाला आणि माझं मनगट दुखायला लागलं. जो थर काढायला चौतीस वर्षांच्या फिटरला साठ फेरे लागले, तो हाडात टिकेल की नाही याचा विचार साहेबांनी करावा. पोरीचा हात चांगला आहे. खराब होता तो माझा.

पुरावा हवा असेल तर तुझ्याकडेच आहे. मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली काढलेला फोटो तू मला पाठवला होतास, पाच चकत्यांवर या रेघा कशाच्या म्हणून. मी म्हणालो होतो, काही समजत नाही. पाहिल्या पाहिल्या समजलं होतं. रेघ सरळ जाते आणि शेवटी जरा वर वळते, कारण माझं मनगट शेवटी उचलतं. माझ्या रोलरच्या खाचाही तशाच वळायच्या, उस्ताद लांबून ओळखायचे. त्या पाच चकत्यांवर पेशी फारशा वाढल्याच नाहीत, पण ज्या थोड्या टिकल्या त्या त्या रेघांच्या बाजूने ओळीत बसल्या आहेत, असं तूच सांगितलंस. ते ऐकून मला रडू आलं होतं, आणि तू विचारलंस तेव्हा मी सर्दी झाली म्हणालो होतो (हे दुसरं खोटं, तेही यातच धरावं). बिचाऱ्यांना पाय ठेवायला काहीच नव्हतं, तर त्यांनी म्हाताऱ्याचा ओरखडा धरला.

रागाव. चांगली रागाव. फोन केला नाहीस तरी चालेल. पावणेसातला मी फोनजवळच असेन, पण ती सवय आहे, तिचं तू मनावर घेऊ नकोस. वीस तारखेला मान वर करून कमिटीपुढे जा. तुझ्या सगळ्या चकत्या निळ्या पडोत.

माया होती तेवढी राहिली तरी पुष्कळ आहे.

तुझा,
उत्तममामा

ता. क. – सोबत तो झिजलेला पॉलिश पेपर घडी करून ठेवला आहे. त्यावर जी करडी पूड दिसते ती तुझी मेहनत आहे, झटकू नकोस. साक्षीदार म्हणून कवडूची सही घेतली आहे. त्याला आधी पत्र वाचून दाखवावं लागलं. सगळं ऐकून म्हणाला, "म्हंजे खोकल्याच्या गोळ्या मी फुकटच आणून राहिलो होतो."

ता. क. दुसरं – वर मी दोनदा पायाचं जाऊ दे म्हटलं आहे. नागपूरच्या डॉक्टरांचं म्हणणं वेगळं आहे. डाव्या खुब्याचा सांधा पार झिजला. सत्तावीस तारखेला तो काढून टायटॅनियमचा दांडा बसवणार, आणि सिमेंट न लावता, म्हणजे माझ्याच हाडाने तो दांडा धरायचा आहे. मी विचारलं, वरून गुळगुळीत आहे की खरखरीत? डॉक्टरांनी ड्रॉवरमधून नमुना काढून हातात दिला. मी अंगठा फिरवून पाहिला. चांगला खरखरीत आहे. मी म्हटलं, ठीक आहे, फक्त बसवेपर्यंत याला कोणी घासू देऊ नका. त्यांनी विचारलं, काका, तुम्ही काय करता? मी म्हणालो, मी आणि माझी भाची याच लायनीत आहोत.

ता. क. तिसरं आणि शेवटचं – ऑपरेशनच्या फॉर्मवर नातेवाईकाची सही लागते. मी कवडूला उभं केलं होतं, पण नर्सबाई म्हणाल्या शेजारी चालत नाही. मग तुझं नाव मनात आलं. आता, पोटात खोटं ठेवून तुझी सही मागणं बरं दिसलं नसतं, म्हणून आधी वरची सगळी पानं लिहिली. पुष्पाची सही चालते. ती करायला तयारही आहे. हे सांगितलं नसतं तर पुन्हा चौथं शील आडवं आलं असतं. सही पोस्टाने पाठवली तरी चालेल. (नाही चालणार. समोर येऊन करावी लागते. बघ, कागदावरही जमायला लागलं मला.) फॉर्म सोबत आहे. त्यात 'रुग्णाशी नाते' असा एक रकाना आहे. तिथे मी पेन्सिलीने 'मुलगी' लिहिलं होतं. मग विहार आठवला, म्हणून ते खोडून 'भाची' लिहिलं. मग तुझा राग आठवला, म्हणून तेही खोडलं. आता जागा रिकामी आहे. दोनदा खोडल्यामुळे कागद तिथे जरा खरखरीत झाला आहे, म्हणजे शाई चांगली धरेल. काय लिहायचं ते तू लिही.